नोकरी गेली आणि आम्ही एमबीएचा फॉर्म भरला



गेल्या १४ एप्रिलला, मिरवणुकीची तयारी चालू असताना, आमच्या वस्तीतील एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने चारचौघांत आम्हाला विचारले, "काय मग, चळवळ सोडून शेठजी व्हायला निघाले म्हणते तुम्ही?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण प्रश्न बोचरा होता आणि रास्तही होता. चौतीस वर्षांचा, समाजशास्त्रात एम.ए. केलेला, आठ वर्षे वस्त्यांमध्ये फिरलेला कार्यकर्ता एमबीएचा फॉर्म भरतो, तेव्हा त्याला जाब विचारण्याचा अधिकार समाजाला आहेच. आम्ही समाजाच्या वर्गणीच्या पुस्तकांवर शिकलो आहोत. म्हणून त्या दिवशी हसण्यावारी नेलेले उत्तर आज सविस्तर देत आहोत.

नोकरी गेली कशी?

आमची संस्था लहान होती. दोन खोल्यांचे ऑफिस, अकरा माणसे. सफाई कामगारांच्या आणि घरकाम करणाऱ्या महिलांच्या वस्त्यांमध्ये रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, जातीचे दाखले, शाळागळती असे काम. आम्हाला महिन्याला २४ हजार रुपये मिळत. त्याला पगार म्हणत नसत, मानधन म्हणत. जून २०२३ मध्ये एका दुपारी संचालक आणि एक विश्वस्त आले. चहासोबत समोसे मागवले गेले. आठ वर्षांत असे पहिल्यांदाच घडत होते, तेव्हाच आम्हाला समजायला हवे होते. "प्रकल्प संपला आहे, पुढचा निधी नाही, या महिन्याचे मानधन मिळेल." एवढे बोलून विश्वस्त साहेब घड्याळ बघू लागले.

याचे एक कारण दिल्लीत आहे. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी देणगीच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, दुरुस्ती झाली. त्यापूर्वी मोठ्या संस्था विदेशी निधी घेऊन त्यातला काही भाग गावोगावच्या लहान संस्थांना देत. ते देणे बंद झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. आमच्यासारख्या, मोठ्या संस्थेच्या निधीवर जगणाऱ्या लहान संस्थांच्या गळ्याला फास तिथेच लागला. दोन-अडीच वर्षे इकडून तिकडून ओढाताण झाली आणि मग दार बंद झाले. ज्यांनी ही दुरुस्ती केली त्यांच्या राजकारणावर आम्ही पूर्वी लिहिले आहे, पुढेही लिहू.

पण सगळा दोष दिल्लीवर टाकून आम्हाला मोकळे होता येत नाही. नोकरी जाण्याच्या आठ महिने आधी संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल आला होता. त्याच्या तीन प्रती आम्ही स्वतः झेरॉक्स करून, पिना मारून कुरिअरने पाठवल्या. त्यात ताळेबंद होता. त्या ताळेबंदात राखीव निधीच्या समोर शून्य होते. संस्था सहा महिन्यांत बंद पडणार हे त्या कागदावर लिहिलेले होते आणि तो कागद आमच्या हातात होता. आम्हाला तो वाचता आला नाही. अकरापैकी एकालाही आला नाही. आम्ही अकराही जण बहुजन समाजातले. विश्वस्त मंडळावर मात्र आमच्यापैकी एकही नाही. वस्तीतली भूक मोजायचे काम आमचे, पैसा मोजायचे काम त्यांचे, अशी ही वाटणी होती. आठ वर्षे आम्ही वस्तीतल्या लोकांना श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यातला फरक समजावून सांगत होतो आणि आमच्याच ऑफिसात तो आम्हाला दिसला नाही.

अभ्यासिकेतले दिवस

घरी सांगायला धीर होईना. सहचारिणी एका खासगी दवाखान्यात परिचारिका आहे, तिला त्याच रात्री सांगितले. आईला सांगितले नाही. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि त्यानंतर ते घरातल्या घरात कसे लहान होत गेले ते आईने पाहिले आहे. म्हणून रोज सकाळी डबा घेऊन आम्ही निघायचो आणि विहाराच्या वरच्या मजल्यावरील अभ्यासिकेत जाऊन बसायचो. ही अभ्यासिका आम्हीच दहा वर्षांपूर्वी दारोदार पुस्तके मागून उभी केलेली. जिथे मुलांना "अभ्यास करा रे" म्हणून दटावले, तिथेच आता कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाईलवर नोकऱ्यांच्या जाहिराती बघत बसलो.

पंधरा दिवसांनी आई म्हणाली, "डबा त रोज नेतो, पण गाडीतलं पेट्रोल काहून संपून नाही राहिलं?"

सांगावेच लागले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नोकरी गेली त गेली. हिशोब पुरा घेतला का?"

आम्ही म्हणालो, महिन्याचे मानधन मिळाले. ती म्हणाली, "तो महिन्याचा झाला. आठ वर्षांचा?"

आई कामठीला विड्या वळायची. ती शाळेत गेलेली नाही. ठेकेदार त्याच्या वहीत विड्या कमी लिहायचा, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापायचा. म्हणून तिने घराच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून स्वतःचा हिशोब ठेवला होता. दर हजार विड्यांना एक रेघ. एका दिवाळीच्या आधी तिने ठेकेदाराला वहीसकट घरी बोलावून भिंतीपुढे उभे केले होते, ही गोष्ट आमच्या घरात अनेकदा सांगितली जाते. आम्ही ती बाईच्या धाडसाची गोष्ट म्हणून ऐकत आलो. ती हिशोबाची गोष्ट आहे हे त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत एक मुलगी भेटली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती. आठवीत असताना तिच्या जातीच्या दाखल्यासाठी आम्ही तिच्या वडिलांसोबत तहसीलच्या चकरा मारल्या होत्या. तिला आईचा प्रश्न सांगितला. ती म्हणाली, "दादा, ग्रॅच्युइटी मागितली का?" आम्ही म्हणालो, ती सरकारी नोकरांना असते. ती हसली नाही, हे तिचे मोठेपण. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवले. १९७२ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसे असलेली आस्थापना, सलग पाच वर्षे नोकरी, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. शेवटच्या महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. आमचा आकडा एक लाख दहा हजारांच्या वर गेला.

आम्ही आठ वर्षे घरकाम करणाऱ्या महिलांना त्यांचे हक्क सांगत हिंडलो. स्वतःचा हक्क एका एकवीस वर्षांच्या मुलीने आम्हाला सांगितला. अर्ज केला. संस्थेने आधी "अशी तरतूदच नाही" असे कळवले. तरतूद नव्हती हे खरेच होते, त्या ताळेबंदात तेही दिसत होते! मग कामगार आयुक्तालयात अर्ज दिला, तेव्हा कुठे तीन हप्त्यांत पैसे आले. अकरापैकी सात जणांना ते मिळाले. उरलेल्या चौघांची पाच वर्षे पूर्ण झालेली नव्हती.

ती मुलगी त्या दिवसांत एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. आम्ही तिचे पुस्तक चाळायला घेतले आणि परत दिलेच नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातले एक पान

बडोद्याचा प्रसंग आपल्या प्रत्येक सभेत सांगितला जातो. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले, नोकरी सोडून ते मुंबईला परतले. इथे वक्त्याचा आवाज चढतो, टाळ्या पडतात आणि पुढची गोष्ट थेट महाडला जाते. मधले पान कुणी वाचत नाही.

मधल्या पानावर काय आहे? नोकरी गेलेल्या त्या माणसाने मुंबईत शेअर्सचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. मग नोव्हेंबर १९१८ मध्ये ते प्राध्यापक झाले, तेही कुठे? सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये. १९१३ साली सुरू झालेले हे कॉलेज व्यापार-वाणिज्य शिकवण्यासाठीच काढलेले होते. तिथेही त्यांनी प्राध्यापकांच्या माठातले पाणी पिण्याला सहकाऱ्यांनी हरकत घेतली. दीड-दोन वर्षे पगारातून पैसे साठवले, नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली आणि १९२० साली ते अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५३ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉमर्स कॉलेज काढले.

आम्ही स्वतःची तुलना बाबासाहेबांशी करत नाही, तो उद्धटपणा होईल. आमचे म्हणणे एवढेच, की ज्यांच्या नावाने आपण चळवळ चालवतो त्यांनी पैशाच्या शास्त्राला कधी परके मानले नाही. ते परके मानण्याची सवय आपल्याला नंतर लागली.

फॉर्म भरताना

आम्ही कॅट आणि राज्याची एमबीए सीईटी, दोन्हींचे फॉर्म भरले. कॅट २०२३ ची फी २४०० रुपये होती, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२००. वयाची अट नाही. पदवीला आपल्याला ४५ टक्के लागतात. इथपर्यंत सोपे होते.

अडचण आली ती पुढे, संस्थांच्या अर्जांत. "नेतृत्वाचा एखादा अनुभव लिहा." आम्ही लिहिले, रेशनच्या प्रश्नावर चारशे महिलांचा मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर नेला. मुलगी म्हणाली, "दादा, मोर्चा नका लिहू. स्टेकहोल्डर मॅनेजमेंट लिहा." दोन दिवस आम्ही चिडून होतो. मग लिहिले, पण मोर्चा हा शब्द ठेवून. चारशे महिलांना एका दिवसाची मजुरी बुडवून एकत्र आणणे, अकरा मागण्यांचे निवेदन तयार करणे, त्यातल्या सात मान्य करून घेणे आणि त्यासाठी झालेला एकूण खर्च ३,२०० रुपये, असे आकड्यांत लिहिले. लिहिता लिहिता लक्षात आले की आम्ही आठ वर्षांत कधीही आमच्या कामाचा खर्च काढून पाहिला नव्हता.

कागदपत्रांत आणखी एक वळण. धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती, त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा आणि राज्याचा वेगळा. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली, हे तरुणांनी विसरू नये. त्या रांगेत उभे राहिलो तेव्हा पुढच्या-मागच्या सगळ्यांचे वय आमच्याहून दहा-बारा वर्षांनी कमी होते. सेतू केंद्रातल्या कारकुनाने विचारले, "मुलीचा दाखला आहे का?" आमची मुलगी चार वर्षांची आहे.

आणि मग तो प्रश्न आला, ज्याने आम्हाला खरोखर झोप लागू दिली नाही. ती मुलगी आणि आम्ही एकाच प्रवर्गातून, एकाच परीक्षेला बसत होतो. तेरा टक्के जागा, त्यात चौतीस वर्षांच्या माणसाने एकवीस वर्षांच्या मुलीच्या वाटेत उभे राहायचे का? आपल्याच वस्तीतली, आपल्याच अभ्यासिकेतली पोरगी. आमचा एखादा गुण जास्त आला आणि तिची जागा गेली तर? आम्ही तिला सांगितले, सीईटीचा फॉर्म मागे घेतो.

ती रागावली. म्हणाली, "तुम्ही मागे हटले म्हणून मिळालेली जागा मला नको. आणि तुम्हाला काय वाटते, तुमचे मार्क माझ्यापेक्षा जास्त येतील?"

बरोबर होते. दया दाखवून आम्ही तिला लहान करत होतो. पण प्रश्न तिच्यापुरता मिटला तरी संपला नाही. आम्ही ठरवले की आई आणि लहान मुलगी असल्याने पसंतीक्रमात फक्त नागपूरची कॉलेजे टाकायची. तिने मुंबई टाकली. नागपुरात आम्हाला मिळेल ती जागा आपल्याच कुणा तरुणाची असू शकते, याची जाणीव ठेवून ती वापरायची, एवढेच आमच्या हातात होते.

परीक्षा आणि मुलाखत

कॅटचा पेपर दोन तासांचा. इंग्रजी वाचन, आकडेवारीवर तर्क आणि गणित, प्रत्येकी ४० मिनिटे. आमच्या वेळी ६६ प्रश्न होते. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्नात चुकले तर एक वजा. समाजशास्त्राच्या माणसाला पहिला भाग जमला. दुसऱ्यात घाम फुटला. तिसऱ्यात, दहावीनंतर अठरा वर्षांनी गणिताला हात लावल्याचे फळ मिळाले. एकूण ७४ पर्सेंटाइल. मोठ्या संस्थांची दारे बंद झाली. राज्याबाहेरील एका संस्थेने मुलाखतीला बोलावले.

तिथे तिघे बसले होते. पहिल्याने विचारले, "एनजीओत मॅनेजमेंट असते का?" याचे उत्तर आम्ही दिले, मोर्चाचा खर्चही सांगितला. दुसऱ्या बाईंनी वस्तीतील बचत गटांविषयी चांगले, खोल प्रश्न विचारले. तिसरे गृहस्थ शेवटपर्यंत गप्प होते. उठता उठता म्हणाले, "या मुलाखतीसाठी ओपनचा कटऑफ किती होता, माहीत आहे ना?"

आम्ही गप्प बसलो. सभांमध्ये तासभर बोलणारे आम्ही, "हो" एवढेच म्हणालो आणि बाहेर पडलो. एम.ए.ला पिअर बोर्द्यूच्या सांस्कृतिक भांडवलावर आम्ही दहा गुणांचे उत्तर चांगले लिहिले होते. ते भांडवल म्हणजे काय, हे त्या खोलीत अंगाला लागले. उत्तर सुचले ते रात्री परतीच्या गाडीत, वरच्या बर्थवर. सुचले असे, की कटऑफ आम्हाला माहीत आहे, पण तो ज्या परिस्थितीतून गाठायचा असतो ती कुठल्याच अर्जात विचारलेली नव्हती. तिथे बोललो असतो तरी निकाल बदलला नसता. निवड यादीत नाव नव्हते, प्रतीक्षा यादीतही नव्हते.

तरुण मित्रांनो, हे लपवण्यात अर्थ नाही. यशोगाथा सांगायला आम्ही बसलेलो नाही. मार्चमध्ये सीईटी दिली. २०० प्रश्न, अडीच तास, चुकीला गुण कापत नाहीत. त्यावर नागपुरातील एका साध्या कॉलेजात प्रवेश मिळाला. त्या मुलीचा नंबर मुंबईला लागला, चर्चगेटच्या सिडनहॅमच्या व्यवस्थापन संस्थेत. तिचे मार्क आमच्यापेक्षा खूप जास्त होते, तिने सांगितले होते तसे. तिला सोडायला स्टेशनवर आम्ही गेलो होतो. बाबासाहेब जिथे शिकवत तिथे चाललीस, एवढे सांगायचे ठरवले होते. तिला ते आधीच माहीत होते.

आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप : भांडवलशाहीची विद्या शिकून काय करणार? १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आम्हाला ते मान्य आहे आणि म्हणूनच शत्रूची वही वाचता यायला हवी असे वाटते. कामठीच्या ठेकेदाराशी आईने भिंतीवर हिशोब लिहून भांडण केले. नुसता आवाज चढवला असता तर त्याने वही दाखवली असती आणि ती हरली असती.

दुसरा आक्षेप : बौद्ध माणसाने धनाच्या मागे लागावे का? तथागतांनी सम्यक आजीविका सांगितली. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला, व्यापार वर्ज्य सांगितला नाही. जेतवन दान देणारा अनाथपिंडिक व्यापारीच होता. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. आमच्या संस्थेच्या ताळेबंदात तो चौथा भाग नव्हता. आमच्या घरातही नव्हता. धम्म आम्ही वंदनेपुरता ठेवला आणि व्यवहारात विसरलो, असाच याचा अर्थ.

तिसरा आक्षेप : खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, एमबीए करून नोकरी कोण देणार? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. प्रवेशाला आरक्षण आहे, नोकरीला नाही. दारातून आत घेतात आणि आतल्या खोलीचे दार उघडेलच याची हमी नसते. सहचारिणीने याचीच अट घातली आहे. "दोन वर्षं घर मी ओढते. पण दोन वर्षांनी पुन्हा मानधनावर जायचं नाही. पगार म्हणतील तिथंच जायचं." आम्ही कबूल केले आहे.

तरुणांसाठी चार कामाच्या गोष्टी

एक, जात पडताळणीचे प्रमाणपत्र आजच काढा. प्रवेशाच्या महिन्यात धावपळ करून ते मिळत नाही. दोन, शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र लागते, ते करायला लाजू नका. तीन, प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्यावर उत्पन्न असेल तरी राज्यात अनुसूचित जातींना फ्रीशिप आहे, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होते. सहचारिणीच्या पगारामुळे आम्ही याच दुसऱ्या गटात आलो. कॉलेजच्या कोट्यातून प्रवेश घेतलात तर हे हातचे जाते. चार, मोठ्या आयआयएमची फी वीस लाखांच्या पुढे आहे हे ऐकून मागे फिरू नका. केंद्राच्या टॉप क्लास शिष्यवृत्ती योजनेत आयआयएम आहेत आणि उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे. जागा मोजक्या असतात, पण आपले अर्जच कमी पडू नयेत.

शेवटचे

आता आम्ही पहिल्या वर्षाला आहोत. वर्गातली मुले आम्हाला सर म्हणतात, मग चूक लक्षात येऊन दादा म्हणतात. हिशेबशास्त्राच्या तासाला पहिल्या बाकावर बसतो. ज्या दिवशी ताळेबंद शिकवला त्या दिवशी घरी येऊन जुन्या संस्थेच्या अहवालाची प्रत शोधली आणि पहिल्यांदा ओळीने वाचली. सगळे त्यात होते.

तेव्हापासून दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास हिशोब वाचनाचा ठेवला आहे. पंधरा-वीस जण येतात, निम्म्या महिला, त्यात बचत गटाच्या बाया अधिक. पहिला हिशोब कुणाचा वाचायचा यावर वाद झाला. आम्ही म्हणालो, आपल्याच जयंती उत्सव समितीचा वाचू. समितीला ते आवडले नाही. दोन रविवार वही मिळाली नाही. तिसऱ्या रविवारी ती आली आणि आणून देणारे तेच ज्येष्ठ कार्यकर्ते होते, ज्यांनी आम्हाला शेठजी म्हटले होते. वाचले. डीजे आणि रोषणाई मिळून ६२ हजार. अभ्यासिकेचे वर्षाचे वीजबिल ९ हजार, त्यातले ४ हजार थकलेले. राखीव निधी : शून्य.

खोलीत कुणी बोलेना. मागे बसलेली आमची आई म्हणाली, "आता भिंतीवर लिहा." ते आकडे आम्ही अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहून ठेवले आहेत. पुढच्या जयंतीची बैठक फेब्रुवारीत आहे, त्या फळ्यासमोरच घ्यायची असे ठरले आहे. ज्यांना आमच्याशी भांडायचे आहे त्यांनी जरूर यावे, येताना आपापल्या वस्तीच्या समितीची वही घेऊन यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!